मुलांचा चार्ज

१९५४, मार्गशीर्षातला गुरुवार. कुळगावच्या आमच्या ओटीवर हजर: मी, सासूबाई आणि शेजारच्या नर्सबाईंची तीन मुलं.

अंबरनाथच्या दवाखान्यात निघताना नर्सबाई मला मुलांचा चार्ज देतात. एक नर्स दुसरीला वॉर्डाचा देते, तसाच.

"वहिनी, मोठा बरा आहे. मधलीचा घसा लाल आहे, ताक नको. धाकटा उभा राहतो, पाऊल टाकत नाही."

"पोरं आहेत की पेशंट गं?" सासूबाई विचारतात.

"पेशंट बरे, आजी. सांगितलेलं ऐकतात तरी!"

संध्याकाळी त्या आधी हातपाय धुतात, मग चार्ज परत घेतात. नुसतं "सगळी मजेत" म्हटलेलं त्यांना चालत नाही. एकदा म्हणाल्या, "नोकरी सोडवत नाही, वहिनी. पण मुलांचं पहिलंवहिलं काही हुकलं, तर मनाला लागून राहील."

आज दुपारी धाकटा जात्याचा आधार सोडून माझ्यापर्यंत चालत आला.

संध्याकाळी मी चार्ज दिला. "मधलीचा घसा उतरलाय. मोठ्यानं गूळ पळवला. धाकटा पोटभर जेवला." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पाऊल उचलू पाहणाऱ्या धाकट्याला चटकन कडेवर घेतलं.

उद्या नर्सबाईंना सुट्टी आहे. धाकट्याचं पहिलं पाऊल पडायचं तेवढं राहिलं आहे.