पाचापैकी दोन

"ओळ दाखवा," असं म्हणून बाई लाल पेनाचं टोपण दातात धरायच्या आणि समोरच्याकडे बघत राहायच्या. ओळ सापडेपर्यंत टोपण निघायचं नाही आणि तुमची सुटका व्हायची नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या हाताखाली शिकायची पाळी मात्र तुमच्यावर न येवो.

माझ्यावर आली, तीही चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मी दुसरी शिकलेला. तीस वर्षं दाभोळच्या खाडीत तर चालवली, म्हणजे होडीने माणसं पलीकडे पोचवली. सही येते मला. तरी कचेरीतल्या एका कारकुनाने न विचारता माझ्या अंगठ्याखाली शाईचं पॅड सरकवलं. मी ते उचलून त्याच्याच कागदांवर उपडं केलं आणि त्याच आठवड्यात प्रौढांच्या वर्गात जाऊन बसलो.

वर्ग अंगणवाडीच्या खोलीत, मंगळवारी नि शुक्रवारी, दुपारी चारला. अकरा बायका आणि मी. बाई निवृत्त शिक्षिका, मूळच्या देशावरच्या, लेकीकडे दापोलीत राहायच्या. एसटीने यायच्या, फुकट शिकवायच्या. आम्हाला धाक दाखवणारी ही बाई कुत्र्याला मात्र एवढी भ्यायची, की स्टॉपवरून खोलीपर्यंत तिला आणायला मलाच जावं लागे.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आजोबा, पुढे बसा."

"आजोबा कोणाला म्हणता? फार तर आठ वर्षांनी मोठा असेन तुमच्याहून."

"बरं, दादा. पुढे बसा."

तीन महिने आम्ही एकच कादंबरी वाचली, पाळीपाळीने. दोन भाऊ, वादळात त्यांची होडी वाहून जाते. एका उघड्या खडकावर एकोणीस दिवस काढतात. कालवं फोडून खातात, खळग्यातलं पावसाचं पाणी पितात. बारा वर्षांचा थोरला आधी तापट, हट्टी. शेवटी दोघे सुखरूप घरी येतात नि थोरला शहाणा झालेला असतो. माझी शेजारीण पार्वती वहिनी, मासे विकते, पदराने डोळे पुसत होती. माझं डोकं फिरलं होतं.

"एकोणीस दिवस थोरल्याने धाकट्याचा हात एकदाही सोडला नाही? लिहिणारा कधी गुडघाभर पाण्यात तरी उतरला होता का?"

"जगली ना पोरां? मग झालां तर!" वहिनी म्हणाली. "तुमच्या पोटात का दुखतांय?"

मग बाईंनी परीक्षा घेतली. प्रश्न: कादंबरीच्या शेवटी थोरल्या मुलात कोणता बदल झाला? पाच मार्क. बायकांनी लिहिलं, तो शहाणा झाला, समजूतदार झाला. सगळ्यांना चार. मी लिहिलं: पोरगा काही बदललेला नाही. ज्याच्या हातून काही सुटलंच नाही, तो कशाला बदलेल?

मला दोन.

मी भर वर्गात उभा राहिलो. "दोन कशाचे?"

"अक्षराचे," बाई म्हणाल्या. "उत्तर चूक आहे. हा मुलगा सुरुवातीला भावाच्या ताटातला मासा पळवतो. शेवटी भावाचं पोट भरेपर्यंत घास घेत नाही. ही बघा ओळ."

"ओळ खोटी आहे."

"ओळ आहे ती आहे, दादा. तुम्हाला पटत नाही, हे वेगळं." बाईंनी दातातलं टोपण काढलं. आवाज खाली आला. "तुमच्या हातून काय सुटलं?"

अकरा बायकांसमोर! मला सांगा, हे कोणी कोणाला विचारावं? साठ वर्षं गावात ज्याची चौकशी करायची कोणाची छाती झाली नाही, ते एक परकी बाई पाच मार्कांच्या प्रश्नावरून विचारते? मी वही उचलली नि निघालो.

चार आठवडे गेलो नाही. स्टॉपवरही गेलो नाही. वहिनी सांगायची, बाई पिशवी गरगर फिरवत कुत्र्यांतून वाट काढतात. मी म्हणायचो, काढू दे. एकदा बाईंनी तिच्याकडे निरोप दिला: "दादांना म्हणावं, मी शेवटी विचारलं तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर लिहून आणा. वेगळे पाच मार्क देईन. पुस्तकातली ओळ नको."

मी काय त्यांच्या घरचा गडी आहे? पण लिहायला बसलो. एक पान लिहायला बारा दुपारी गेल्या. शुक्रवारी वही घेऊन अर्धा तास आधीच स्टॉपवर उभा राहिलो. एसटी आली, माणसं उतरली, बाई उतरल्या नाहीत. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "कोणाला बघताय? बाई काल रात्रीच गेल्या. झोपेतच."

मला रडू आलं नाही, राग आला. अजून आहे. उत्तर मागायचं आणि ते घ्यायला थांबायचं नाही, ही कुठली शिकवायची रीत?

तसाच वर्गावर गेलो. तिथे खबर पोचली होती, बायका नुसत्या बसून होत्या. बाईंच्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. मी खुर्चीसमोर उभा राहिलो आणि पान वाचलं, अडखळत, एकेक अक्षर लावत.

"मी चौदा वर्षांचा. भाऊ नऊचा. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. मी एका हाताने होडी धरली, एका हाताने त्याला. खूप वेळ धरलं. मग माझा होडीवरचा हात सुटायला लागला. होडी दोन्ही हातांनी धरली तरच मी वाचणार होतो. गाव म्हणतं लाटेने त्याला ओढून नेलं. लाटेने नाही. मी सोडला. मला सगळे म्हणाले, पोरगा एका दिवसात शहाणा झाला. मी शहाणा झालो नाही. मी फक्त त्याचं नाव घेणं सोडलं. आईसमोरसुद्धा."

मी वही मिटली.

पार्वती वहिनी जागेवरूनच म्हणाली, "दादा, नाव काय होतां त्याचां?"

"गणू," मी म्हणालो.