स्लॅबच्या आधी तयार झालेले क्यूब

लातुरातल्या एका खाजगी तंत्रनिकेतनाच्या मागे, सायकल स्टँडला लागून एक लांबट खोली आहे. त्या खोलीत रेणुकादास मुखेडकर गेली सव्वीस वर्षं काँक्रीट फोडतात. लोक घर बांधून नाव कमावतात, आमचे हे फोडून पगार घेतात, असं त्यांच्या पत्नी विमलताई आल्या-गेल्याला सांगतात. पाहुणे हसतात आणि रेणुकादासही हसतात, कारण त्यात खोटं काही नाही.

काम तसं सरळ आहे. शहरात इमारत उभी करायची तर बांधकाम परवानगी लागते आणि परवानगीच्या मागे अटींची शेपटी असते. त्यातली एक अट अशी, की स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे तीन-चार ठोकळे लोखंडी साच्यात भरायचे. त्यांना क्यूब म्हणतात. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग प्रयोगशाळेत आणून यंत्राखाली दाबायचे. यंत्राच्या काट्यानं साडेचारशे किलोन्यूटनचा आकडा ओलांडल्यावर क्यूब फुटला तर स्लॅब चांगला. तसा कागद फाइलला लागला की पुढे भोगवटा प्रमाणपत्र मिळतं आणि माणसं राहायला येतात.

दुसरा कुणी असता तर आकडा लिहून तुकडे मागच्या अंगणात फेकले असते. रेणुकादासांना तुकड्याच्या आत बघायची खोड. मुलीसाठी कधीकाळी घेतलेलं भिंग त्यांनी कायमचं खिशात टाकलं होतं. खडी कुठल्या खाणीतली, पाणी किती सढळ हातानं ओतलं, भरणारा घाईत होता का, हे ते तुकडा फिरवून फिरवून बघत बसत. प्राचार्यांनी एकदा विचारलं, की एवढं काय दिसतं त्यात? भरणारा माणूस दिसतो, असं ते म्हणाले. प्राचार्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

अशाच एका क्यूबमध्ये त्यांना शिंपले सापडले. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे. म्हणजे वाळू नदीची. आता नदीची वाळू मिळते कुणाला? सगळीकडे दगड दळून केलेली करडी क्रश सँड. क्यूब फुटलाही झकास, वरून-खालून दोन निमुळते भाग उरले, हुबेहूब डमरू. पक्का क्यूब असाच फुटतो. महिनाभरात दुसऱ्या ठेकेदाराचा क्यूब आला, त्यातही शिंपले. मग तिसऱ्याचा. औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड, ठेकेदार वेगळे, पण वजन प्रत्येकाचं आठ किलो चारशे, वरची बाजू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, आणि आकडा सहाशेच्या आसपास. रेणुकादासांनी डायरीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली. दहा वर्षं ते स्वतःशीच खूश होते, की शहरात कुणीतरी कामाची चाड असलेला माणूस आहे. यात काही काळंबेरं असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. भोळेपणा म्हणा, पण गुणी हात दिसला की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

मग मुलीच्या घराची पाळी आली. मनस्विनी शाळेत गणित शिकवते. तिनं रिंग रोडच्या पलीकडे, भुजंगराव नावाच्या बिल्डरच्या चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. अक्षय तृतीयेला वास्तुशांत करायची असं ठरलंही होतं. भुजंगरावांच्या पहिल्या दोन स्लॅबचे क्यूब रेणुकादासांच्याच यंत्राखाली आले. सहाशे बारा आणि सहाशे पाच. पोरीचा निकाल लागल्यासारखे ते पेढे घेऊन घरी गेले. भिंगाखाली शिंपले होतेच, त्यामुळे त्यांचा आनंद दुप्पट झाला.

रविवारी ते विमलताईंना घेऊन इमारत बघायला गेले. विमलताई स्वयंपाकघराचा ओटा कुठे येणार ते बघत होत्या आणि हे गृहस्थ वाळूचा ढीग शोधत होते. ढीग होता, पण करडा. ओंजळभर वाळू घेऊन त्यांनी भिंग लावलं. एकही शिंपला नाही. वॉचमनला विचारलं, तर त्यानं सांगितलं, काम सुरू झाल्यापासून नदीची वाळू इथं डोळ्यानं पाहिली नाही. रेणुकादासांनी वर बघितलं. दोन स्लॅब झाले होते आणि तिसऱ्याचे कॉलम नुकते कमरेएवढे आले होते. मुलीच्या डोक्यावर येणारा दुसरा स्लॅब त्यांनी बराच वेळ बघितला. बाहेरून काही कळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

सोमवारी त्यांनी नरसिंगला गाठलं. नरसिंग टेम्पोवाला, बहुतेक ठेकेदारांचे क्यूब तोच आणून टाकतो. हे भरतं कोण, असं विचारल्यावर त्यानं आश्चर्यानंच बघितलं. सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त फोडणाऱ्याला माहीत नव्हतं. जुन्या जकात नाक्याच्या पुढे शिवमूर्ती मिस्त्री राहतात, त्यांच्याकडून आणतो, असं तो म्हणाला.

संध्याकाळी चारच्या सुमाराला रेणुकादास तिथे पोचले. पत्र्याची शेड, तेल लावून पुसलेले साचे आणि पाण्यानं भरलेला सिमेंटचा हौद. सहासष्ट वर्षांचे शिवमूर्ती पाटावर बसून साचा भरत होते. मी क्यूब फोडतो, एवढीच ओळख रेणुकादासांनी दिली. म्हाताऱ्याच्या हातातली सळई थांबली. सुनेच्या माहेरची माणसं आल्यासारखी त्यांनी लगबग केली, चहा सांगितला, खुर्ची पुसली.

"म्या अकरा वर्सं भरून राहिलो सर," ते म्हणाले, "पर फुटतंय कसं ते एकदा बी बघितलं न्हाई."

मग तासभर दोघांची अशी काही मैफल जमली, की चहा दोनदा गार झाला. एका थराला पस्तीस ठोके, एक कमी नाही. पाणी मगानं मोजून. वाळू मेहुण्याच्या मांजरा नदीकाठच्या शेतातली, महिन्याला दोन पोती, तीही धुऊन. हे शिवमूर्तींना भूकंपानंतर गावं पुन्हा उभी करताना एका इंजिनिअरनं शिकवलं होतं. तेव्हा ते भरात होते. पुढे गुडघे गेले, परांचीवर चढणं बंद झालं. भुजंगरावांनी हे बसून करायचं काम दिलं आणि त्यांचं बघून बाकीचे आले. आपला एकही क्यूब कधी नापास झाला नाही, हे सांगताना म्हाताऱ्याचा चेहरा फुलला होता. रेणुकादासांना हा माणूस मनापासून आवडला, आणि तिथेच पंचाईत झाली.

कारण बोलता बोलता त्यांची नजर हौदात गेली. पाण्याखाली तीन क्यूब ओळीनं ठेवलेले होते आणि त्यांच्यावर पिवळ्या रंगानं लिहिलं होतं, 'भुजंगराव, स्लॅब ३'. कालच्या रविवारी त्या स्लॅबचे कॉलमसुद्धा पुरते उभे नव्हते. स्लॅब व्हायच्या आधीच त्याचे क्यूब पाण्यात मुरत होते.

त्यांनी जपून विचारलं. शिवमूर्तींना त्यात काही वावगं वाटलं नाही. क्यूब म्हणजे नमुना, असं त्यांनी समजावून सांगितलं. लग्नात आचारी आधी एक घाणा काढून यजमानाला चाखायला देतो, पसंत पडला की मग तशीच बुंदी पाडतो, तसंच हे. क्यूबवर नाव नरसिंग घाली, आणि त्याच्याकडूनच लिहून घेऊन ते बरोबर मापाची चिठ्ठी देत: सिमेंट इतकं, वाळू इतकी, पाणी इतकं. नमुना पास झाला की साइटवर चिठ्ठीबरहुकूम माल कालवतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. अकरा वर्षांत ते एकाही स्लॅबवर गेले नव्हते. गुडघेच नाहीत तर जाणार कसे?

रेणुकादास तिथून तसेच घरी आले. त्यांच्या प्रत्येक अहवालाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असे, 'नमुना ग्राहकाने आणून दिल्याप्रमाणे'. सव्वीस वर्षं त्या ओळीखाली ते सही करत आले होते. कायद्यानं ते बरोबर होते, पण लाज वाटायची ती वाटलीच. दुसऱ्याच्या तुकड्यात माणूस शोधणाऱ्याला आपल्या सहीखाली काय जातंय ते दिसलं नव्हतं.

तीन दिवसांनी त्यांनी शिवमूर्तींना रिक्षानं प्रयोगशाळेत आणलं. त्यांचाच एक क्यूब यंत्राखाली ठेवला. काटा चढत चढत सहाशे अठरावर गेला, खट् आवाज झाला आणि डमरू उरला. म्हातारा जत्रेत आल्यासारखा बघत होता. मग रेणुकादासांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, की हा नमुना नाही, ही साक्ष आहे. स्लॅबमध्ये जे पडलं त्याचीच यायला पाहिजे. शिवमूर्ती चिडले. सर लोकांना शंका घ्यायचा रोग असतो म्हणाले, चिठ्ठी कुणी फेकून देईल का म्हणाले. शेवटी ठरलं, की तिसऱ्या स्लॅबला दोघांनी जायचं आणि तिथल्या मालाचे क्यूब शिवमूर्तींनी भरायचे. फ्लॅटधारक म्हणून मनस्विनीनं प्रयोगशाळेला तसं पत्र दिलं.

महिनाभरानं स्लॅबचा दिवस आला. भुजंगराव सावलीत उभे होते. मोठा प्रेमळ माणूस. अप्पा, तुम्ही कशाला उन्हात आलात म्हणून त्यांनी स्वतः खुर्ची आणवली. शिवमूर्ती बसले नाहीत. मिक्सरमधून उतरलेल्या घमेल्यात त्यांनी हात घातला. बोटांतून माल ताकासारखा ओघळला. चिठ्ठी कुठे आहे, असं त्यांनी मिक्सरवाल्याला विचारलं. कसली चिठ्ठी, असं तो म्हणाला, आणि तो काही खोटं बोलत नव्हता. शिवमूर्ती मग गुडघे मोडून जमिनीवर बसले आणि त्याच मालाचे तीन साचे भरले. तिन्ही थरांना पस्तीस पस्तीस ठोके दिले, नेहमीच्या निगुतीनं वरून गुळगुळीत केले.

भुजंगरावांच्या ध्यानात आलं तेव्हा ते रागावले नाहीत. रेणुकादासांना बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सर, घर तुमच्याच लेकीचं हाय. कागद अडकला तर आडकंल कुणाचं?"

पुढचे अठ्ठावीस दिवस रेणुकादास तो प्रश्न बरोबर घेऊन फिरले. विमलताईंचं म्हणणं, सगळी दुनिया अशाच घरात राहते आणि काही होत नाही. भूकंप त्यांनीही पाहिला होता, त्यामुळे वाक्य पुरं करताना त्यांचा आवाज उतरला.

अठ्ठाविसाव्या दिवशी मनस्विनी अर्धी रजा टाकून आली. शिवमूर्ती धुतलेलं धोतर नेसून आले होते. क्यूब यंत्राखाली ठेवला. काटा शंभर, दीडशे, दोनशे असा चढला आणि पुढे रेंगाळला. खट् असा आवाज झालाच नाही. एक बाजू नुसती ढासळली आणि काटा मागे पडला. दोनशे चाळीस. दुसरा दोनशे बावन्नला गेला, तिसरा दोनशे एकतीसला.

रेणुकादासांनी पेन उघडलं आणि नोंदवही पुढे ओढली. हा आकडा लिहिला की कागद फाइलला जाणार, प्रमाणपत्र थांबणार, खालच्या स्लॅबना भोकं पाडून तपासणी होणार. अक्षय तृतीया तर गेलीच, कदाचित घरही गेलं. न लिहिला तर हौदातले ते पिवळ्या अक्षरांचे तीन क्यूब तयार होतेच. त्यांनी मुलीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता.

"बाबा, लिहा. मला छताकडे बघत जागायचं नाही."

त्यांनी तिन्ही आकडे लिहिले. अहवालाच्या तळाच्या छापील ओळीवर काट मारली आणि हातानं लिहिलं, 'नमुना स्लॅबवर, माझ्यासमोर भरला'. सही करताना त्यांना सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ती सही आपली वाटली.

शिवमूर्ती इतका वेळ ढासळलेला तुकडा बोटांनी दाबत होते. कोपरा चुरून त्यांच्या धोतरावर पडत होता. मग त्यांनी विचारलं, की चार वर्षांमागे मार्केट यार्डाच्या मागं भुजंगरावांनी एक इमारत केली, तिचे क्यूबही इथंच फुटले असतील का? रेणुकादासांनी जुनी वही काढली, पानं उलटली. पाचही स्लॅबचे आकडे होते. सहाशे चाळीस, पाचशे अठ्ठ्याण्णव, सहाशे अकरा, पुढचे दोनही तसेच. सगळे पास, आणि सगळ्यांखाली त्यांचीच सही. त्यांनी वही शिवमूर्तींपुढे सरकवली. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं त्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"तिथं चौथ्या मजल्यावर माझा दयानंद ऱ्हातो," शिवमूर्ती म्हणाले. "सून हाय, दोन लेकरं हायत. त्यो घेऊ का नगं करत व्हता. म्याच म्हणलो, घे. क्यूब माझे हायत."