दीड मिलिमीटरचं नाक

आमच्या ह्यांना आयुष्यात माणसं कधी दिसलीच नाहीत, दिसली ती नाकं. चष्म्याचं दुकान दोघा भावांचं, काउंटरवर हे आणि गल्ल्यावर माझे धाकटे दीर. गिऱ्हाईक दारात आलं की ह्यांचं सुरू: हे बसकं, हे पोपटाचं, हा बटाटा. एखादी पोरगी पहिला चष्मा घ्यायला आली, तरी तिच्या आईदेखत हसत म्हणायचे, "हिला फ्रेम कशाला, दोरी द्या बांधायला." पोरगी रडायची, बाकीचे खिदळायचे. तरी लोक इथेच यायचे, कारण ह्यांनी बसवलेला चष्मा घसरत नसे. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे बघून "नाक चालेल" एवढंच बोलले होते. मी मेले तरी ते विसरायची नाही.

मग ह्यांच्याच नाकावर, चष्म्याचा पॅड टेकतो तिथे, पुळी आली. दुसऱ्या कुणाला आली असती तर डॉक्टरकडे गेला असता. हे म्हणाले, पॅड घासतोय. पॅड वाकवला, मग मऊ सिलिकॉनचा लावला, मग फ्रेमच बदलली. पुळी फुटायची, खपली धरायची, पुन्हा फुटायची. मी डॉक्टरांचं नाव काढलं की मलाच म्हणायचे, नाकातलं तुला काय कळतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

कातडीचा कॅन्सर निघाला. तोवर तो नाकपुडीपर्यंत उतरला होता. जीव वाचला, पण नाकाचा लचका गेला आणि गालाचं कातडं सरकवून तिथे शिवलं. जाऊबाई म्हणाली, नाक गेलं तरी तोरा काही गेला नाही. तोंडावर नाही म्हणाली, पण ह्यांना ऐकू जाईल अशा बेतानेच.

दिरांनी ह्यांना मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. गिऱ्हाईक बिचकतं म्हणाले. ह्यांनी पैज लावल्यासारखं सांगितलं, हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधीचा चेहरा मोजून ठेवलाय, आता पुन्हा मोजतील. दोन मिलिमीटरच्या आत फरक आला तर काउंटर माझं. दीर हो म्हणाले. त्या काउंटरशिवाय ह्यांच्याकडे दुसरं होतंच काय? ना मित्र, ना छंद.

मोजायला मी सोबत गेले. हनुवटी टेकवा, सरळ बघा, तोंड मिटलेलं ठेवा. कॅमेऱ्याने तीन बाजूंनी चेहरा टिपला आणि कॉम्प्युटरने जुन्यावर नवा ठेवला. नाकपुडी दीड मिलिमीटर वर ओढली गेली होती, बस्स. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान जमलंय. हे तिथून तडक दुकानात. मी मागे धावतेय ह्याचंही भान नाही.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ह्यांनी आकडा सांगितला. दिरांनी ऐकून घेतलं, गल्ला बंद केला आणि शांतपणे म्हणाले,

"दादा, गिऱ्हाइकाशी हसतोस तसं हसून दाखव."

हे हसले. गालाचं शिवलेलं कातडं आवळलं आणि नाकपुडी वर चढली, इतकी की आतलं लाल दिसायला लागलं. बाकावरच्या बाईने हातातली फ्रेम खाली ठेवली आणि मान फिरवली. दुकानात चारी भिंतींना आरसे. हे एकात दिसले, दुसऱ्यात दिसले, आणि हसू उतरवायचं कसं तेच ह्यांना सुचेना.

"मोजताना हसायला कुणी सांगितलं नाही," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. जन्मात पहिल्यांदा माझ्या नाकाकडे न बघता माझ्या डोळ्यांत बघत होते.

"तू रोज घरात बघतेस मला. सांगितलं का नाहीस?"

मला कीव यायला हवी होती. आलीही, पण तिच्याआधी तोंडातून खरं तेच निघालं.

"घरात तुम्ही कधी हसलात?"