कडक लेन्स

"होईल सवय" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात दिल्लीच्या मे महिन्यातली धूळ जावी आणि तिने तिथेच बिऱ्हाड करावं, असं मला आजही मनापासून वाटतं. डॉक्टरांनी म्हटलं, नवऱ्याने म्हटलं, शाळेतल्या बायांनी म्हटलं. यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात कधी लेन्स गेली नव्हती.

माझ्या दोन्ही डोळ्यांचा पुढचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येत चालला होता. चष्मे बदलून उपयोग होत नव्हता. अक्षरांना सावल्या फुटायच्या, एका वेलांटीच्या दोन-तीन व्हायच्या. मी पहाडगंजला एका मराठी शाळेत शिकवत होते, आणि फळ्यावर मीच लिहिलेलं मला चार पावलं मागे सरकलं की वाचता येत नव्हतं. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आडपडदा न ठेवता बोलायच्या. "सुट्टीत डोळ्यांचं काय ते करा. शाळा उघडेल तेव्हा मागच्या बाकाजवळ उभं राहून फळा वाचून दाखवा, वर्ग तुमचा. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल." राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं. नोकरी गेली तर लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये दिवसभर मी, सासूबाई आणि कूलरची घरघर, एवढंच माझ्या वाट्याला उरणार होतं.

मऊ लेन्स माझ्या डोळ्यांना चालणार नव्हत्या. मला मिळाल्या त्या कडक प्लास्टिकच्या चकत्या, करंगळीच्या नखाएवढ्या. पहिली घातली तेव्हा वाटलं, पापणीखाली कुणी लसणीचं टरफल सरकवलंय. डोळा मिटला तरी टोचतंय, उघडला तरी टोचतंय, वर नाकही गळतंय. डॉक्टर बनारसकडचे, हिंदी अगदी शुद्ध. वैतागून म्हणाले, "आप चेष्टा ही नहीं कर रही हैं। थोड़ी चेष्टा तो कीजिए।"

लग्न होऊन सांगलीहून दिल्लीला येऊन मला फार दिवस झाले नव्हते. माझं हिंदी भाजीवाल्यापुरतं. इथे माझ्या डोळ्यांना धारा लागल्यात, आणि हा गृहस्थ म्हणतो थोडी चेष्टा करा! "चेष्टा तो आप कर रहे हैं मेरी," मी फणकारले. ते खूश झाले. "बिल्कुल! मैं तो पूरी चेष्टा कर रहा हूँ।" मी पर्स उचलून तरातरा बाहेर आले. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. सांगताना हसून हसून त्याला ठसका लागला. घरी जाऊन त्याने आईलाही सांगितलं. त्यानंतर आमच्या घरात माझ्यासाठी हिंदी चेष्टा कुणी केली नाही, मराठी मात्र रोज झाली.

ती करायच्या सासूबाई. "आमच्या वेळी बायका चुलीच्या धुराने रडायच्या," त्या म्हणायच्या, "हिला रडायला डबीतलं कारण लागतं." किंवा, "डोळ्यात कुसळ असतं ते ठाऊक होतं. विकत आणून घालतात हे नव्हतं ठाऊक." विनोद वाईट नव्हता. पण डोळ्यांत आग होत असताना दुसऱ्याच्या विनोदाला दाद द्यायला मी काही संत नव्हते. मी भांडी आपटायची, त्या आणखी बोलायच्या.

नवरा तसा नव्हता. तो गोड होता. मी लाल डोळ्यांनी कांदा चिरल्यासारखी गळत बसले की जवळ येऊन म्हणायचा, "अगं, होईल सवय. आणि नाही झाली तर सोडून दे. डोळ्यांपेक्षा का नोकरी मोठी आहे?" त्याच्या ऑफिसातल्या एकाही साहेबाची बायको बस पकडून पहाडगंजला जात नव्हती, हेही तो तितक्याच गोड आवाजात सांगायचा. मी त्याला माया समजत होते.

मे-जूनची लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, वाहायला लागली. सरोजिनी नगरच्या बाजारात एकदा धुळीची आंधी उठली आणि एक कण लेन्सखाली शिरला. मी ब्लाउजपीसच्या ढिगाशी उभी राहून डोळा दाबून धरला. दुकानदार घाबरला. "अच्छा बहनजी, रोइए मत, जो ठीक लगे दे दीजिए।" दिल्लीने माझ्यावर केलेली तेवढीच दया. लेन्स घालायच्या आधी मिरची चिरायची नाही, हे मी एकदा बोटं पोळून, म्हणजे डोळा पोळून शिकले. काजळ बंद झालं. घड्याळ लावून वेळ वाढवत नेली, आणि शाळा उघडायच्या आधी एका दुपारी मला खरंच दिसायला लागलं. पहिली स्वच्छ दिसली ती पंख्याच्या पात्यांवरची धूळ. दुसरी सासूबाईंच्या कपाळावरची आठी. टोचणं थांबलं नव्हतं. पण आता फळा वाचता येणार, हे मला कळलं आणि मी वेड्यासारखी हसले.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत दारातल्या उजेडात आरसा धरून बसले. उजवी लेन्स नीट बसली. डावी बोटावरून निसटली. "कुणी हलू नका!" मी ओरडले. सासूबाई हलल्या. कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसल्या आणि "कुठं तडमडली मेली" म्हणत कपाटाखालची फरशी तळव्याने चाचपू लागल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

नवरा ऑफिसला निघाला होता. उंबऱ्याबाहेर बूट घालून उभा होता. बूट घालून घरात पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या घरचा नियम, आणि तो सगळ्यांत कडक पाळणारा तोच. विसरलेला डबासुद्धा तो बाहेरून हात लांब करून मागायचा.

माझा उजवा डोळा लख्ख होता. लेन्स मला दिसली, उंबऱ्याच्या आत, उन्हात चकाकताना. "सापडली! अहो, तिथेच थांबा. तुमच्या पुढ्यातच आहे."

त्याने खाली पाहिलं. त्याची नजर तिच्यावर जाऊन थांबली. मग त्याने पाय उचलला आणि बुटासकट आत आला. पापड मोडल्यासारखा बारीक आवाज झाला.

"अरेरे," तो म्हणाला, नेहमीच्याच गोड आवाजात. "चुकून पाय पडला गं. जाऊ दे. आज जाऊच नकोस शाळेत."

सासूबाई अजून जमिनीवरच होत्या. त्यांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. "बूट घालून आत कशाला आलास?" तो पाय मागे घेऊन उंबऱ्याबाहेर झाला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू ऊठ. बस जाईल तुझी." यावरून आमची मैत्री झाली असं कुणी समजू नये. त्याच दिवशी आमटी आळणी झाली म्हणून त्यांनी मला यथास्थित सुनावलं.

मी एका लेन्सने गेले. मागच्या बाकाजवळ उभी राहिले, डाव्या डोळ्यावर पदर धरला आणि फळा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "दुसऱ्या डोळ्याचं काय?" मोठ्या बाईंनी विचारलं. "होईल," मी म्हटलं. वर्ग माझाच राहिला.

संध्याकाळी नवरा आला. बूट दाराबाहेर काढून एकाशेजारी एक नीट ठेवले, हातपाय धुतले आणि चहाचा कप घेऊन माझ्याजवळ बसला.

"खरंच चुकून झालं गं," तो म्हणाला. "मला दिसलीच नाही."

"मला दिसलं," मी म्हटलं.