संत्री परत पाठवली, नारळपाणी प्यालो

"पोटॅशियम सात झालंय," डॉक्टर म्हणाले. "काय खाल्लंत तुम्ही?"

मी म्हणालो, काहीच नाही. मी खोटं बोलत नव्हतो, आणि त्याचाच राग अजून जात नाही.

पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार, साधारण पाचाच्या आत हवा. मूत्रपिंड धड असेल तर जास्तीचा क्षार लघवीवाटे निघून जातो. माझं धड नव्हतं. क्षार साचला की हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय अचानक बंदही पडू शकतं. त्या सकाळी मला पलंगावरून उठता येईना. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, काढणारी मुलगी कागद बघून पळतच बाहेर गेली.

त्याच्या पाच दिवस आधी मी सक्करदऱ्याहून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आलो होतो. ताप होता, पायावर सूज होती आणि क्रिएटिनिन वाढलेलं. हा आकडा वाढला की मूत्रपिंड थकलं असं समजायचं. आहाराचा कागद मिळाला: केळी, संत्री, टोमॅटो, बटाटा बंद, फळांचा रस बंद. बायको तो कागद हातात घेऊन पहाऱ्यालाच बसली. लोकांनी आणलेली संत्री तिने परत पाठवली. नागपुरात कोणी प्रेमाने आणलेली संत्री परत करणं किती जिवावर येतं, ते इथल्यालाच कळेल.

मग तेच लोक नारळपाणी घेऊन आले. ठेला दवाखान्याच्या फाटकावरच. पेशंटकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढंच आमच्या लोकांना कळतं. माझा साळा सगळ्यांच्या पुढे.

"हे काही फळ नाही न जी भाऊजी, पाणीच आहे. ताकद येते. माझ्यासमोर पिऊन घ्या."

मला नारळपाणी मुळीच आवडत नाही. तीस वर्षं लकडगंजात आरामशीनवर लाकडं कापण्यात काढली, कोणाच्या बापाचं ऐकून घेतलं नाही. आणि इथे भिडेखातर स्ट्रॉ तोंडात धरून दिवसाला चार-चार नारळ रिचवत होतो. पाजून झालं की पाहुणे पाच मिनिटांत पसार.

डॉक्टरांनी तीनदा विचारलं, बाहेरचं काही घेता का? आम्ही दोघं तीनदा नाही म्हणालो. नारळपाणी आमच्या लेखी ना खाणं होतं, ना औषध. शेवटी झाडू मारणारी मावशी बोलली.

"साहेब, मी रोज चार-चार नारळं उचलून राहिली न इथून. डबा भरून जाते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "उन्हात घाम गाळणाऱ्या धडधाकट माणसाला हे चांगलंच. साखर बेताची, चरबी जवळजवळ नाही. पण एका नारळात केळ्याएवढं, कधी जास्तही पोटॅशियम असतं. तुम्ही केळी बंद केलीत आणि रोज चार केळी प्यालात."

"मग कागदावर काहून नाही लिहिलं?" मी ओरडलो. डॉक्टरांनी पेन काढून कागदावर नारळपाणी लिहिलं.

हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, मग रक्तातला क्षार उतरवायला इन्सुलिन, मग दोनदा डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त धुऊन घेणं. मानेत नळी खुपसून चार-चार तास छताकडे बघत पडलो आणि प्रत्येक पाहुण्याला मनात शिव्या घातल्या. तुमचं क्रिएटिनिन वाढलं असेल तर माझं ऐका. जे जे घशाखाली जातं ते डॉक्टरांना सांगा, पाणी समजून प्यालात तेही. डॉक्टरांचे आभार मानतोच, पण मी वाचलो तो मावशीमुळे.

साळा त्यानंतर चौथ्या दिवशी आला. हात रिकामे, आणि त्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना. मी शिव्या तयारच ठेवल्या होत्या. तो स्टुलावर बसला.

"भाऊजी, मी तुमाले मारूनच राहिलो होतो का?"

"हो," मी म्हणालो.

तो रडायला लागला. थोड्या वेळाने निघायला म्हणून उठला.

"बस गा," मी म्हणालो. "आता पाजायचं काही नाही, तर पळतो काहून?"

तो बसला. आजारपणात पहिल्यांदाच कोणीतरी भेटीची वेळ संपेपर्यंत माझ्याजवळ बसलं होतं.