करंगळी जाणार नाही असा टब

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक बैठी चाळ होती. तिथे सुगंधा परबला सगळे तोंडावर सुगंधा म्हणत आणि पाठीमागे सापवाली. म्हणोत बापडे! झुरळ दिसलं की खाटेवर चढणाऱ्यांनी तिला नावं ठेवावीत, हे जरा अतीच होतं.

गिरण्यांचा संप फसला आणि नवरा जयवंत घरी बसला, तेव्हापासून सुगंधा भांडुपच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात जाई. साच्यातून टब, बादल्या, डबे निघत. त्यांच्या कडेला राहिलेलं फालतू प्लॅस्टिक सुरीने तासून काढायचं, हे तिचं काम. उभं राहून पायांची वाट लागे. पण हात असा बसला होता की गप्पा मारता मारता कड साफ व्हायची आणि मालाला ओरखडा म्हणून नसायचा.

चाळीच्या मागे कुणाचा तरी पाया खणत होते, तेव्हा फावड्याखाली मांडूळ आलं. हातभर लांब, दोन्हीकडून सारखंच बोथट, विषाचा थेंब नसलेलं गरीब जनावर. पाठीवर चांगलाच घाव बसलेला. लोक दगड शोधत होते तेवढ्यात हिने पदर खोचला, ते उचललं आणि घरी आणून घावात हळद भरली. हाक मारायला काहीतरी हवं म्हणून नाव ठेवलं बाय. घरात खाणारी तोंडं कमी आहेत का, असं जयवंत कुरकुरला. पण बायचं खाणं चाळच पुरवायला लागली. साप नको म्हणून ओरडणारेसुद्धा सकाळी उंदराचा पिंजरा गुपचूप हिच्या दारात ठेवून जात. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

पहिल्यांदा बायला पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. एक दिवस झाकण ढकलून ती निघाली आणि सापडली ती शेजारच्या गुणाजी तावड्यांच्या गादीच्या गुंडाळीत. गुणाजी म्हणजे चाळीचे न नेमलेले पुढारी. त्यांनी दारात उभं राहून बजावलं, की पुन्हा हे जनावर बाहेर दिसलं तर काठी. सुगंधाने मान हलवली. घाव भरायच्या आत डोंगरावर सोडावं तर मुंगूस नाहीतर घार टपलेली, आणि इथे गुणाजींची काठी. बायचा जीव आता एका झाकणावर होता.

कारखान्यात रंग फाटल्यामुळे बाजूला काढलेला एक झाकणाचा टब तिने मुकादम शिवदासकडून मागून आणला. भोकं पाडायला जयवंतने खिळा आणि हातोडी काढली, तर ही म्हणाली, राहू द्या, तडा जाईल. तिने स्टोव्हवर सळई लाल केली आणि वरच्या कडेखाली ओळीने भोकं पाडली, तीही आतून बाहेर. वितळलेल्या प्लॅस्टिकचे काटे बाहेरच्या अंगाला आले पाहिजेत, नाहीतर नाक घासून घासून बाय सोलून निघेल. इतका विचार माणूस आपल्या पोराच्या पाळण्याचा तरी करतो का? आत भुसभुशीत कोरडी माती, दडायला अर्धी करवंटी, पाण्याला वाटी. झाकणावरून सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे ताणून दोन्ही बाजूंना आकड्यात अडकवले. मग करंगळी झाकणाच्या फटीला लावून तिने टबाला फेरी मारली. करंगळी जाते तिथून बाय जाते, हा तिचा हिशेब. कुठेच गेली नाही.

चाळ निवांत झाली. आणि मग आली नागपंचमी.

शेजारी जिवंत नाग असताना भिंतीवर चित्र काढून पूजा कशाला करायची, असं गुणाजींच्या बायकोच्या, राधाबाईंच्या मनात आलं. मांडुळाला नाग करायला आपल्या लोकांना वेळ लागत नाही. सुगंधा कामावर होती. राधाबाई ताट घेऊन आल्या, मागून चार बायका. बायकांचा सण, आपण कशाला मध्ये, म्हणून जयवंत नाक्यावर जाऊन बसला. राधाबाईंनी हात जोडले, पट्टे सोडले, हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या आणि साखर घातलेलं दूध थेट टबात ओतलं. झाकण परत ठेवलं, पण पट्टे अडकवायचे राहिले. देवाला कोण कोंडून घालतं?

सुगंधा परतली तेव्हा टबात मातीचा चिखल झाला होता आणि बाय नव्हती. बातमी चाळभर झाली आणि गुणाजी काठी घेऊन बाहेर आले.

ती कुणाशी भांडली नाही. खाली वाकून जमीन बघत राहिली. गोड दुधाने माखलेली बाय जिथून सरपटली होती, तिथे मुंग्यांची रांग लागली होती. रांग उंबऱ्यावरून उतरली, पडवीतून गेली आणि शिरली तावड्यांच्याच घरात, थेट मोरीत. मोरीच्या जाळीत बाय अडकली होती. तोंड पलीकडे, धड अलीकडे, आणि घाव नेमका जाळीच्या दांड्यावर. ओढलं तर सोलली जाणार. जाळी प्लॅस्टिकची, सुगंधानेच कारखान्यातून राधाबाईंना आणून दिलेली.

तिने सुरी मागितली.

राधाबाई पांढऱ्या पडल्या. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. बहीण हे पाळते ते भावासाठी. त्यांचा एकुलता भाऊ दादू बोटीवर खलाशी, पावसाळ्याच्या समुद्रात. सकाळपासून त्या घरात भेंडीसुद्धा मोडली नव्हती. सुगंधाला ते सगळं ठाऊक होतं, तिलाही भाऊ होता; कारखान्यातली सुरी पोटासाठी चुकत नसे, पण घरात तीही चिरत नसे. ती पुन्हा मागू शकली नाही. नुसती बायच्या अंगाखाली तळवा धरून बसली. गुणाजी काठी टेकून दारात उभे होते.

राधाबाई उठल्या. नवऱ्याच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता काढून त्यांनी सुगंधाच्या पुढे धरला.

"धर गो," त्या म्हणाल्या. "भावाक माझ्या देव सांभाळतलो. ह्या मुक्या जिवाक आधी सोडव."

सुगंधाने अडकित्ता घेतला. रोज हजार कडा तासणारा तो हात. दांड्याचा एकेक कण कुरतडत तिने जाळी फोडली आणि बाय तिच्या मनगटाभोवती आली, घाव होता तसा. गुणाजींनी काठी दाराआड ठेवली आणि कोरडी माती आणायला ते स्वतःच गेले.

टब धुऊन, पुसून, नवी माती भरून झाकण बसलं. सुगंधा पट्टे ओढायला वाकली, तर राधाबाईंनी तिचा हात बाजूला केला. दोन्ही पट्टे त्यांनीच ताणून आकड्यात अडकवले. मग करंगळी झाकणाच्या फटीला लावून सगळ्या टबाला सावकाश फेरी मारली.

"जात नाय," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसत घरी गेल्या.