मेनूतून गाळलेली ओळ

वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका संस्थेच्या संगणक विभागात ती संकेतस्थळाचे मेनू बांधत असे. कार्यालयात सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेही. काम सांगायला सोपे होते. प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला त्याच ओळींची रांग लागते: भेटीची वेळ, औषधे, देयके, तक्रार. ही रांग पूर्वी पानापानांत वेगळी लिहिलेली होती. एक शब्द बदलायचा तर सगळी पाने उघडावी लागत. ताईने ते सारे उपसून एका टॅगमध्ये, एकदाच लिहून ठेवलेल्या तुकड्यात, आणले. पानाच्या साच्यात त्या टॅगची खूण टाकली की संकेतस्थळ चालवणारे फ्रेमवर्क त्या जागी अख्खा मेनू उभा करी, आणि तोही समोर कोण आहे ते पाहून. नातेवाइकाला नातेवाइकाचा मेनू, स्वागतकक्षाला स्वागतकक्षाचा. ज्या गोष्टीचा अधिकार नाही, तिची ओळ त्या माणसाला दिसतच नसे.

"अधिकार नसलेली ओळ पुसट करून ठेवू नका," ती नव्यांना सांगे. "माणूस तिच्यावर बोट आपटत बसतो. द्यायची नाही, तर दाखवायची कशाला?"

यात सौजन्य होते, आणि कोणाला काही वावगे वाटले नाही. नकार मिळालेल्या माणसापाशी निदान नकार तरी असतो. तो पुढे करून त्याला भांडता येते. ज्याच्यासमोर ओळच आली नाही त्याच्या हातात काहीच उरत नाही, हा विचार त्या विभागात कोणी केला नव्हता. तिनेही केला नव्हता.

एके दिवशी व्यवस्थापकांनी तिला बोलावले.

"हे बघा ताई, तक्रारी करणारे ठरलेले लोक आहेत. उशी कडक आहे, पंखा वाजतो. खऱ्या तक्रारी बिचाऱ्या तळाशी जातात. अशांच्या नावापुढे आम्ही 'वारंवार' अशी खूण करू. खूण असली की तक्रारीची ओळ दाखवू नका. थोडे दिवस."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"विचारायलाच तर ओळ लागते," व्यवस्थापक हसले.

तिने अट लिहिली. काम तपासणारा तिचा सहकारी प्रत्येक गोष्टीत खोट काढी, म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणत. त्याने पाहिले आणि मान हलवली.

"ताई, ही भिंत नाही, नुसता पडदा आहे. पान आत तसंच आहे. पत्ता माहीत असेल त्याला सरळ उघडेल."

"पत्ता कोणाला पाठ असतो रे?"

"तुम्हाला."

तिचे वडील संस्थेच्याच एका आश्रमात दुसऱ्या मजल्यावर राहत. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना तिथे अग्रक्रम होता, आणि दिवसभर कुलूपबंद घरात त्यांना एकटे ठेवणे तिला धोक्याचे वाटे. रविवारी ती भेटायला गेली, तेव्हा ते बराच वेळ इकडचे तिकडचे बोलले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "दुपारी बाहेरून कडी लावतात."

"कोण?"

"ज्याची पाळी असेल तो. जेवण झालं की खटकन. परवा मला बाथरूमला जायचं होतं. दार वाजवून वाजवून हात दुखला. शेवटी..." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले. "जाऊ दे. हळू बोल जरा."

"हळू कशाला?"

"ऐकतात गं."

निघताना तिने दाराची बाहेरची बाजू पाहिली. कडी नवी होती. स्क्रूंवरची चकाकीही अजून गेली नव्हती.

तिने घरून तक्रार नोंदवली. 'निकाली काढली' असे उत्तर आले. कडी तिथेच राहिली. तिने पुन्हा लिहिले, मग पुन्हा. त्यानंतर एका संध्याकाळी लॉगिन केल्यावर मेनूत तक्रारीची ओळ आली नाही. भेटीची वेळ, औषधे, देयके. आणि रांग संपली. मधे फट नव्हती. तिने मेनू इतका सफाईने बांधला होता की तिथून काही गेले आहे हे फक्त बांधणारीलाच कळावे.

तिने पत्ता हाताने टाइप केला. पान उघडले. माणसे आत कोंडलेली असताना आग लागली तर काय, एवढेच तिने लिहिले आणि पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांचा स्वर नेहमीसारखाच मऊ होता. "मागच्या वाटेने कोणीतरी आत येतंय, ताई. मेनूतून ओळ गेली, पण पान उघडंच राहिलं. त्याला कुलूप घाला." कोण येतंय, ते त्यांनी सांगितले नाही. ती उठली तेव्हा म्हणाले, "बाबा बरे आहेत ना? आमच्याकडेच असतात, नाही का? मी त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवायला सांगितलंय."

मग जागेवर येऊन तिने मनाशी हिशेब मांडला: शनिवारी बाबांना कायमचे घरी आणायचे. तोपर्यंत वरच्यांची नाराजी नको. कुलूप घालायचे, बाबांना काढायचे, मग नोकरीचे पाहता येईल. भीतीने माणूस काय कबूल करतो हे आपण जाणतो. भीतीतही तो आपले काम किती चोख करतो, याकडे आपले लक्ष कमी जाते. तिला फक्त एका पानाला कुलूप घालायचे होते. पण अर्धवट काम तिच्या हातून होत नसे. तिने मेनूतली अट काढून एका जागी नेली. आता मेनूतली प्रत्येक ओळ आणि तिच्यामागचे प्रत्येक पान त्या एकाच ठिकाणी विचारून उघडणार होते.

"सांगितलं होतं एका दाराचं," शंकासुर म्हणाला. "तुम्ही तर साऱ्या इमारतीच्या किल्ल्या एका खिळ्याला टांगल्यात."

"प्रत्येक पानात वेगळी अट लिहिली की पुन्हा तोच गोंधळ होतो."

"ते खरं. पण खिळा कोणाच्या खोलीत?"

कोणत्या नावाला काय उघडावे, याच्या खुणा व्यवस्थापकच करत. काम त्याच दिवशी लागू झाले.

शनिवारी ती आश्रमात पोहोचली तेव्हा वडील पिशवी घेऊन खाली येऊन बसले होते. बूटही चढवले होते. स्वागतकक्षातली मुलगी हसतमुख होती.

"आजोबा आज घरी? मजा आहे बुवा!" तिने नाव शोधले, आणि तिचे हसू जरा थांबले. "अहो ताई, यांच्या नावाला 'भेट' येतंय, 'औषधं' येतंय. 'घरी पाठवणे' येतच नाहीये."

"पत्ता टाका. मी सांगते."

ताई एकेक अक्षर सांगत गेली, मुलगी टाइप करत गेली. पडद्यावर शब्द आले: पान सापडले नाही. 'परवानगी नाही' असे म्हणूच नये, म्हणजे आत काही आहे याचा सुगावाही लागत नाही, हे ताईनेच त्या आठवड्यात ठरवले होते.

"बंद पडलंय वाटतं," मुलगी म्हणाली. "त्याशिवाय पास निघत नाही, आणि पासाशिवाय रखवालदार सोडत नाही. मी नाही म्हणत नाहीये हं. पण इथे येतच नाहीये, तर मी तरी काय करू?"

"व्यवस्थापकांना फोन लावा."

"आज सुट्टी त्यांची. तुम्ही साइटवर तक्रार टाका ना! लगेच बघतात."

"काय म्हणतायत?" वडिलांनी विचारले. "निघायचं ना?"

जिन्यावरून एक सेवक खाली आला. "चला आजोबा, जेवण निवतंय," म्हणत त्याने अदबीने पिशवी उचलली. ताईने तिचा दुसरा बंद घट्ट धरला. दोघेही ओढत नव्हते, आणि कोणी सोडतही नव्हते.

वडिलांनी तिच्या हातावर हात ठेवला. "सोड गं. तमाशा नको. मला यांच्यातच दिवस काढायचेत."

तिची बोटे सैल झाली. सेवकाने वडिलांचा दंड धरला, आणि दोघे लिफ्टमध्ये शिरले. दार बंद होईपर्यंत वडील तिच्याकडे नव्हे, सेवकाच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"मी इथेच बसते," ताई म्हणाली.

"बसा की," मुलगी आपुलकीने म्हणाली. "भेटीची वेळ संपेपर्यंत बसा."